पंचविसावा गुरू



आजारी माणसाने आनंदी राहिले पाहिजे, असे आपल्याकडे सगळेच सांगतात. भेटायला आलेला पाहुणा सांगतो, मोबाइलवर रोज सकाळी येणारे सुविचार सांगतात, देवळात प्रदक्षिणा घालताना भेटलेले ओळखीचे गृहस्थही सांगतात. "मन प्रसन्न ठेवा, निम्मा आजार तिथंच बरा होतो!" सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण बारा वर्षे हे ऐकता ऐकता माझ्या मनात एक प्रश्न तयार झाला आहे. गृहस्थधर्म असतो, पुत्रधर्म असतो, तसा रुग्णाचाही काही धर्म असतो का? आणि असलाच, तर आनंदी दिसणे हा त्याचा भाग आहे का?

मी विद्वान नाही. कॉमर्सचा पदवीधर, चौतीस वर्षे बँकेत कारकून, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. त्यामुळे शास्त्रार्थ माझ्याकडून व्हायचा नाही. जमा काय, नावे काय, एवढे मांडता येते, तेवढे मांडतो.

माझा आजार कंपवाताचा. इंग्रजीत त्याला पार्किन्सन म्हणतात. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली त्यावर निबंध लिहिला, म्हणून त्याचे नाव. आपल्या वैद्यांना हा कंप फार पूर्वीपासून माहीत होता. त्यासाठी ते ज्या खाजकुइलीच्या बिया वापरत, त्यात आजच्या गोळीतलेच औषधी द्रव्य सापडते, हे ऐकून मला गंमत वाटली होती. (म्हणून कुणी बिया कुटून खाऊ नका. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.) मेंदूत डोपामिन नावाचे एक द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात आणि शरीराची हालचाल मंद होते, ताठरते, थरथरते. का होते, ते बहुतेक रुग्णांच्या बाबतीत सांगता येत नाही. आजार मुळापासून जात नाही. गोळ्यांनी आटोक्यात राहतो, आणि पुष्कळ वर्षे बरा राहतो.

२०१२ मध्ये मला ५४ वे वर्ष होते. आधी उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला. शंभर नोटांचे बंडल मी न बघता मोजत असे, ते दोनदा मोजावे लागू लागले. मग अक्षर बारीक झाले. ओळ सुरू होताना ठीक असे आणि शेवटाला येईपर्यंत मुंगीएवढे होई. हेही या रोगाचेच लक्षण, ते नंतर कळले. सगळ्यात चमत्कारिक गोष्ट सहीची. उभा जन्म मी दुसऱ्यांच्या सह्या नमुना सहीशी ताडून पाहिल्या, 'सही जुळत नाही' असा शेरा मारून चेक परत केले, आणि आता माझीच सही माझ्याच नमुन्याशी जुळेना. ५७ व्या वर्षी, २०१५ मध्ये, वैद्यकीय कारणावरून निवृत्त झालो. नियत निवृत्तीला तीन वर्षे बाकी होती.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो, कारण हा अंक घराघरांत जातो आणि कुणाच्या तरी घरात नोकरीतला माणूस आजारी असतो. माझ्या निवृत्तीनंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्याच्या परिशिष्टात पार्किन्सनचे नाव स्पष्ट घातले आहे. त्याचे कलम २० सांगते की, सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर त्याला काढून टाकायचे नाही, खालच्या पदावरही आणायचे नाही. आहे ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यायचे. असे काम नसेल तर काम मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचे. सरकारी बँकाही त्यात येतात. आणि निवृत्तीच घ्यायची असेल, तर बँकांच्या १९९५ च्या पेन्शन नियमांत दहा वर्षे सेवा झालेल्यांना इनव्हॅलिड पेन्शनची तरतूद आहे. तेव्हा दुखण्याच्या भरात कुणी नुसता राजीनामा लिहून देऊ नये. राजीनामा आणि वैद्यकीय निवृत्ती यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. असो.

निवृत्तीचे दुःख पगाराचे कमी आणि दहा वाजण्याचे जास्त होते. सकाळचे दहा वाजले की पाय आपोआप चपलांकडे वळत. कॉलनीतले लोक गाड्या काढत असत आणि मी ओट्यावर. तेव्हापासून तो उपदेश सुरू झाला: आनंदी राहा, हसत राहा.

आता गंमत अशी, की हसत राहणे हेच या आजारात जमत नाही. हातापायाचे स्नायू ताठरतात तसे चेहऱ्याचेही ताठरतात. पापण्या कमी लवतात, चेहऱ्यावरचे भाव पुसले जातात. डॉक्टर त्याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात. आतून मी खुशीत असलो तरी समोरच्याला वाटते, हे रागावलेत. पुतणीच्या लग्नात व्याही माझ्या भावाला विचारून गेले की, तुमच्या दादांना स्थळ पसंत नव्हतं का! मला स्थळ पसंत होते, जेवणही पसंत होते, फक्त ते तोंडावर येत नव्हते. तेव्हा 'सकारात्मक राहा' म्हणजे 'तसे दिसा' असा अर्थ असेल, तर माझ्यासारख्याला तो दरवाजा बंदच आहे. देवाच्या दारात हसऱ्या चेहऱ्याची अट असती तर आम्हा कंपवाताच्या लोकांनी जायचे कुठे? मग दिसणे सोडून असणे काय, याचा विचार करणे मला भागच पडले.

आणि असण्याचीही एक अडचण आहे. या आजारात मन उदास होते, ते नुसते 'आपले कसे होणार' या काळजीने नव्हे. मेंदूतल्या त्याच रसायनांच्या घोटाळ्याने उदासी येते, ती आजाराचाच एक भाग आहे, तिच्यावर औषध आहे, असे डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावले. हे मी मुद्दाम लिहितो. आपल्या भाविक मंडळींत कुणी खिन्न दिसला की पटकन म्हणतात, श्रद्धा कमी पडते, नामस्मरण वाढवा. नामस्मरण जरूर वाढवावे. पण हात थरथरतो तो श्रद्धा कमी पडल्याने थरथरतो, असे कुणी म्हणत नाही ना? मग मन थरथरले तर तेवढे का म्हणावे? ताप आलेल्याला आपण गोळी देतो आणि अंगाराही लावतो. उदासीलाही दोन्ही द्यावे.

या बाबतीत मला शहाणे केले ते आमच्या सौ.नी. सुरुवातीची दोन वर्षे मी सगळ्यांपुढे 'मजेत, मजेत' म्हणत असे. तिच्यापुढेही. एक दिवस शर्टाची गुंडी लावता लावता ती म्हणाली, "अहो, माझ्यापुढं तरी मजेत नका राहू. तुम्हाला कंटाळा आला असेल तर तसं सांगा. मलाही आलाय." मी चकित होऊन तिच्याकडे बघत राहिलो. मग आम्ही दोघांनी बसून चहा घेतला आणि कशाकशाचा कंटाळा आला त्याची यादी केली. यादी लांब झाली, आणि नवल म्हणजे शेवटी शेवटी आम्हाला हसू यायला लागले. माझे तोंडावर दिसले नसेल, पण तिला कळले. आजाऱ्याच्या धर्माबद्दल सगळे बोलतात. सेवा करणाऱ्याला दमण्याचा हक्क आहे, हे फारसे कुणी बोलत नाही. रोग्याने खोटा आनंद दाखवला की त्या बिचारीलाही खोटाच दाखवावा लागतो, आणि घरात दोन माणसे एकमेकांपासून लपून राहतात.

दुसरा उपदेश प्रारब्धाचा. "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार, भोगून संपवायचं." हे मलाच नव्हे, अनेकांना ऐकावे लागते. मी कर्मसिद्धान्त मानतो. पण तो कोणी कुणाला सांगावा, याचा उत्तम धडा आपल्या श्रीगुरुचरित्रातच आहे. पोटशुळाचा ब्राह्मण सर्वांना ठाऊक आहे. अन्न घेतले की जीव जाईल अशा वेदना, म्हणून तो गोदावरीत जीव द्यायला निघतो. श्रीगुरू त्याला बोलावून घेतात. तो आपली पूर्वजन्मीची पापे स्वतःच मोजू लागतो. म्हणजे प्रारब्धाची जाणीव त्याला होतीच, ती कुणी करून द्यायची गरज नव्हती. आणि श्रीगुरू काय करतात? आत्महत्या हे पाप आहे, असे बजावतात, औषध देतो म्हणतात, आणि सायंदेव येतो तेव्हा त्याला सांगतात, याला घरी ने आणि पोटभर जेवू घाल. सायंदेव घाबरतो. या माणसाला अन्न दिले आणि हा मेला तर ब्रह्महत्या माझ्या माथी! तरी गुरुवचनावर विसंबून तो त्याला घरी नेतो.

हा सायंदेव आपल्यासारखाच नोकरदार होता, परक्या राजाच्या चाकरीतला. मला या कथेत तो फार जवळचा वाटतो. शूळ बरा करणे त्याच्या हातात नव्हते, पान वाढणे होते. आजाऱ्याच्या दारात गेल्यावर आपण सगळे श्रीगुरूंच्या भूमिकेत शिरतो आणि कारणमीमांसा सुरू करतो. आपली भूमिका सायंदेवाची आहे. प्रारब्धाचा हिशोब ज्याच्या खात्याचा आहे त्याने स्वतः हवा तर मांडावा. दुसऱ्याचे पासबुक उघडून मोठ्याने वाचायचे नसते, हे बँकेत पहिल्या दिवशी शिकवतात.

आणि आजार म्हणजे पापाची निशाणी असे मानायचे, तर टेंबे स्वामींचे काय करायचे? प. पू. वासुदेवानंद सरस्वतींना संग्रहणीचा त्रास होता. तशा देहाने त्यांनी पायी भारतभर संचार केला, ग्रंथ रचले आणि १९१४ मध्ये गरुडेश्वरी नर्मदातीरी देह ठेवला. त्यांच्या दुखण्याकडे बोट दाखवून कुणी 'मागच्या जन्मीचं' म्हणेल का?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हसरा चेहरा हा धर्म नव्हे, कारण हे भोगणे आहे त्याचे कौतुक करणे हाही धर्म नव्हे. मग काय?

दत्तभक्तांना चोवीस गुरू माहीत असतात. पृथ्वी, वायू, आकाशापासून कोळी आणि कुंभारीण माशीपर्यंत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला ते सांगतो, आणि नाथमहाराजांनी काशीत शके १४९५ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या भागवतात त्याचा विस्तार केला आहे. त्या चोविसांतली कुमारी मला आजारापूर्वी कधी विशेष वाटली नव्हती. घरी पाहुणे आलेले, ही आत साळी कांडते आहे आणि हातातली कांकणे वाजतात. घरातले दारिद्र्य त्या आवाजाने पाहुण्यांना कळेल, म्हणून ती लाजते आणि एकेक करून काढून टाकते, प्रत्येक हातात एकच ठेवते. एकांताचा उपदेश त्यातून अवधूताने घेतला. मला आज त्यातली तिची लाज कळते. पाहुण्यांपुढे माझ्या हातातली कपबशी वाजते तेव्हा मीही तसाच लाजतो. तिला कांकणे काढता आली, मला थरथर काढून ठेवता येत नाही. मी कप घेणे सोडून मोठ्या फुलपात्रातून चहा पितो, तेही अर्धे भरलेले. माझ्या मते हे कांकण काढण्यासारखेच आहे.

पण चोवीस सांगून झाल्यावर अवधूत थांबत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. तो पुढे म्हणतो की, हा माझा देहही माझा गुरू आहे. तो उपजतो, मरतो, त्याच्या पाठीशी दुःख लागलेले आहे, म्हणून तो वैराग्य शिकवतो. याच देहाच्या आधाराने मी तत्त्वाचा विचारही करतो. तरीपण हा परक्याचा आहे, हे ओळखून मी असंग राहतो.

'परक्याचा' या शब्दाशी मी अडखळलो. आधी तो मला कोरडा वाटला. आपलाच देह परका कसा? पण मग कॅश काउंटर आठवला. तीन दशके रोज लाखो रुपये माझ्या हातांतून गेले, त्यात माझा एक पैसा नव्हता. परक्याचा पैसा म्हणून मी तो निष्काळजीपणे हाताळला का? उलट! स्वतःच्या खिशातली नोट माणूस चुरगाळून ठेवतो, काउंटरवरची सरळ करून, एका बाजूला तोंड करून ठेवतो. फाटकी नोट आली तर ती फेकायची नसते, वेगळी काढून तिचा हिशोब ठेवायचा असतो. संध्याकाळी कॅश जुळली की दोन किल्ल्यांनी तिजोरी बंद करायची आणि घरी जायचे. त्या पैशासाठी रात्री कुणी रडत नाही, आणि त्याच्या जिवावर कुणी मिरवतही नाही. असंग म्हणजे बेफिकीर नव्हे, हे मला बँकेने शिकवले होते, फक्त ते तेव्हा कळले नव्हते. देह असा सांभाळायचा असेल तर 'आनंदी राहा' यापेक्षा 'गोळी वेळेवर घ्या' हा उपदेश जास्त अध्यात्मिक ठरतो. माझ्यापुरते तरी तसे झाले आहे.

याला कुणी म्हणेल, हे तर रोख पैशाचे उदाहरण, पैशाला वेदना होत नाहीत. खरे आहे. रात्री अंथरुणात कूस बदलता येत नाही, सौ.ला हाक मारावी लागते, तेव्हा देह परक्याचा वगैरे काही आठवत नाही. फार तर 'दत्ता' एवढे आठवते. तत्त्वज्ञान पुरते ते दिवसा, आणि तेही गोळीचा असर असताना. याचा मला खेद नाही. दिवसाचे जेवढे तास पुरते, तेवढे पुरते.

आम्ही सांगलीचे, त्यामुळे नरसोबाची वाडी म्हणजे घरचा अंगण. पावसाळ्यात कृष्णा चढते, पाणी गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वार सोहळ्याला स्नानासाठी माणसे धावतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात नेतात आणि तिथे पूजाअर्चा सुरू राहते. २०१९ चा पूर आम्ही पाहिला आहे, तो सोहळा नव्हता, ते संकट होते. घरे गेली, जनावरे गेली. त्या पाण्याला कुणी 'सकारात्मक' बघा म्हटले असते तर राग आला असता. पण तेव्हाही देवाची जागा बदलली, पूजा बंद पडली नाही. माझ्या निवृत्तीकडे मी हल्ली असे बघतो. काउंटर पाण्याखाली गेला, मांडामांड वरच्या मजल्यावर हलवली.

वरच्या मजल्यावरचे काम फार मोठे नाही. नोव्हेंबरात कॉलनीतल्या पेन्शनरांना हयातीचे दाखले काढून देतो. (आपण जिवंत आहोत हे दरवर्षी लिहून द्यायचे, यासारखा दुसरा नम्रतेचा पाठ नाही!) कुणाचा हात माझ्यासारखाच सहीला चालेनासा झाला असेल तर अंगठा, तोही उमटत नसेल तर पायाच्या बोटाचा ठसा, दोन साक्षीदारांपुढे चालतो, त्यातला एक बँकेचा माणूस हवा, हे सांगतो. बँकेत जाऊन भांडतोही. आवाज बारीक झाल्यामुळे भांडण हल्ली फारसे रंगत नाही.

वाडीला गेलो की उंबरठ्यापाशी माझे पाय जमिनीला चिकटतात. हाही आजाराचाच प्रकार. सपाट रस्त्यावर चालणारा माणूस दारात गोठून उभा राहतो आणि मागची रांग 'चला काका' करते. यावर उपाय म्हणजे ताल. मनात ठेका धरला किंवा फरशीच्या रेघा ओलांडायच्या ठरवल्या की पाऊल सुटते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक-दोन, एक-दोन मोजायला सांगितले होते. मी 'दिगंबरा' धरले. बाई म्हणाल्या, ठेका सारखा असला म्हणजे झालं. तेव्हापासून माझे नामस्मरण वाढले आहे, हे मात्र उपदेशकांना मान्य करावे लागेल.

गुरुचरित्राचा सप्ताह आता माझ्याने होत नाही. तासाभरात आवाज खाली जातो. गेली चार वर्षे पुतण्या वाचतो आणि मी खुर्चीवर बसून ऐकतो. गुरुजींना विचारून घेतले आहे. सुरुवातीला पोथी दुसऱ्याच्या हातात बघून जड गेले. आता ऐकताना असे काही कानावर येते, जे स्वतः वाचण्याच्या घाईत तीस वर्षे निसटले होते. सायंदेवाची भीती त्यातलीच.

यंदा दत्तजयंतीला आमच्या देवळात जन्मकाळ सूर्यास्ताला आहे. गोळी घेतल्यापासून अर्ध्यापाऊण तासाने माझे अंग मोकळे होते, आणि दुधाचे वगैरे काही पोटात असले की ती लवकर लागू पडत नाही. म्हणून दुपारी पेढे खायचे नाहीत, सव्वापाचला गोळी, म्हणजे सहाला पाळण्याची दोरी ओढायला हात चालेल. सुंठवडा त्यानंतर. सौ.ने मोबाइलवर गजर लावून ठेवला आहे.